दोन खांब : मल्लखांब, माकिवारा आणि अंगातली विद्या

सिल्वासा–नरोली रस्त्यावर आमच्या अथालमध्ये आता इमारतींच्या वसाहती झाल्या आहेत. तिथल्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली पोरं रांगेत उभी दिसतात. इची, नी, सान, शी असे जपानी आकडे कानावर येतात. घरी गुजराती, मराठी, हिंदी, भोजपुरी, ओडिया बोलणारी ही मुलं एका सुरात जपानी मोजतात आणि प्रत्येक आकड्याला एक ठोसा हवेत मारतात. सहा महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलतो. पालक फोटो काढतात.

यात इतिहास कुठे आला, असं मंडळातल्या कुणी विचारलं तर माझं उत्तर असं आहे. रांग, आकडे आणि पट्टा या तिन्ही गोष्टी कराटेत फार उशिरा आल्या. त्या येण्याआधी ही विद्या कशी शिकवली जायची, आणि आपल्या मराठी तालमींत नेमकी तीच उलथापालथ जवळपास त्याच काळात कशी झाली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. अंगाने करायची विद्या टिकते कशाने? मी पेशाने यंत्र अभियंता. बरीच वर्षं धाग्याच्या कारखान्यांत काढली. त्यामुळे या प्रश्नाकडे थोडं यंत्रशाळेतल्या माणसाच्या नजरेने पाहणार आहे, ते चालवून घ्यावं.

ओकिनावा : एक काता, तीन वर्षं

कराटे मुळात जपानच्या मुख्य बेटांवरचं नाही. ते ओकिनावाचं. ओकिनावा म्हणजे जुनं र्‍युक्यू राज्य, जे जपानने १८७९ साली पूर्णपणे आपल्या राज्यकारभारात घेतलं. तिथे ही विद्या एका गुरूकडून एका-दोघा शिष्यांकडे जायची. गिचिन फुनाकोशी यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की ते रात्री गुरू आझातो यांच्या घरी जात, अंगणात तोच तो काता पुन्हा पुन्हा करत, आणि गुरू बसून पाहत. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. एका कात्याला तीन वर्षं असा हिशेब होता. तेक्की नावाचे तीन काते शिकायला आपल्याला दहा वर्षं लागली, असं फुनाकोशी सांगतात.

आजच्या पालकाला हे ऐकवलं तर तो फी परत मागेल. पण ही तीन वर्षं हालचाली पाठ करण्यात जात नव्हती. पाठांतर आठवड्याचं काम. बाकीचा सगळा वेळ दुरुस्तीचा. खांदा वर जातोय, टाच उचलली जातेय, कंबर हाताच्या आधी फिरण्याऐवजी नंतर फिरतेय, हे गुरूने पाहायचं आणि शिष्याच्या अंगात ते मुरेपर्यंत थांबायचं.

काही घराण्यांत तर दुरुस्ती डोळ्यांनीही नाही, हाताने होते. गोजू-र्‍यू पद्धतीत सांचिन नावाचा काता करताना गुरू शिष्याच्या खांद्यावर चापट मारतो, मांड्या दाबून पाहतो, पोट तपासतो. बाहेरून दोन शिष्य अगदी सारखे दिसतील, पण हात लावल्यावर एकाची मांडी भक्कम लागते आणि दुसऱ्याची पोकळ. फोटोत हा फरक येत नाही.

ठोशाची यंत्ररचना

आता जरा यंत्रशास्त्र. कराटेचा उलट्या हाताचा ठोसा घ्या, म्हणजे डावा पाय पुढे आणि उजव्या हाताचा मार. नवखा मुलगा तो खांद्यातून मारतो. ठोशामागे फक्त हाताचं वजन येतं. मुरलेला माणूस तो जमिनीतून मारतो. मागचा पाय जमिनीला रेटतो, जमीन तितक्याच जोराने उलट रेटते, त्या रेट्याने कंबर फिरते, कंबरेमागे छाती, छातीमागे खांदा, मग कोपर आणि सगळ्यात शेवटी मूठ. मोठे स्नायू आधी आणि छोटे नंतर. ऊस तोडणारा किंवा घण घालणारा माणूस हेच करतो, फक्त त्याला ते कुणी काता म्हणून शिकवलेलं नसतं.

यात क्रम बिघडला की सगळं बिघडतं. गिअरच्या गाडीत क्लच उशिरा सुटला तर इंजिनची ताकद चाकापर्यंत जात नाही, तसंच. आणि क्रमातली ही चूक सेकंदाच्या छोट्याशा अंशाची असते. करणाऱ्याला ती स्वतःला कळत नाही. मग कळणार कशी? इथे माकिवारा येतो.

माकिवारा म्हणजे जमिनीत पुरलेली एक फळी. बुडाशी जाड आणि वर पातळ होत गेलेली. छातीच्या उंचीला तिच्यावर भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली असते. तिच्यावर ठोसे मारायचे. लोकांना वाटतं हे बोटांची पेरं दगडासारखी करण्यासाठी आहे. ते दुय्यम. अभियंत्याच्या भाषेत हा एका टोकाला घट्ट धरलेला दांडा आहे. वर मारलं की तो वाकतो आणि परत येताना तेवढ्याच जोराने ढकलतो. नुसत्या हाताने मारलं तर फळी मूठ मागे फेकते. कंबर आणि पाय मागे असतील तर फळी वाकते आणि वाकलेली राहते. मनगट तिरकं असेल तर कळ मनगटात. खांदा वर असेल तर धक्का खांद्यात. म्हणजे फळी चूक सांगते आणि कुठे चूक तेही सांगते. गुरू घरी गेल्यावरही दुरुस्ती चालू राहते.

आपला खांब

आता दुसरा खांब. हा आपल्याकडचा.

मल्लखांबाचा धागा बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथापर्यंत नेला जातो. पण आज आपण जो मल्लखांब पाहतो त्याचं श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांना देते. निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले, त्यांनी पेशव्यांना आव्हान दिलं, तरुण बाळंभट्टांनी मुदत मागून वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर तप केलं, तिथे मारुतीने लाकडी खांबावर डाव दाखवले, आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं. मारुतीचा दृष्टांत आपण आख्यायिका म्हणून घेऊ. पण आख्यायिकेच्या पोटात एक व्यवहारी गोष्ट आहे: जोडीला तोडीचा मल्ल मिळत नव्हता, म्हणून खांब जोडीदार झाला. नावातच ते आहे, मल्लाचा खांब. १८१८ नंतर पेशवे ब्रह्मावर्ताला गेले आणि त्यांच्याबरोबर ही विद्या उत्तरेत गेली.

आपल्या भागापुरती एक तारीख इथे नोंदवायला हवी. पेशव्यांनी नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांच्या ताब्यात दिली ती १७८३ साली. सांताना नावाचं पोर्तुगीज जहाज मराठी आरमाराने नष्ट केलं होतं, त्याच्या भरपाईपोटी. म्हणजे पुण्यात बाळंभट्टांचा खांब उभा राहिला तेव्हा अथाल पुण्याच्या राज्याबाहेर गेलेलं होतं. मराठी तालीम आपल्याकडे सलग वारशाने आली नाही याचं एक कारण या सरहद्दीत असावं, असं मला वाटतं. सरहद्दीपलीकडे मात्र नवसारी प्रांत बडोद्याच्या गायकवाडांचा होता, आणि आपल्या कहाणीचा पुढचा भाग बडोद्यातच घडतो.

आधी खांबाची रचना पाहू. पुरलेला मल्लखांब शिसवी किंवा सागवानी. खाली जाड अंग, वर निमुळता होत जाणारा, मग बारीक मान आणि टोकाला बोंड. बुडाला घट्ट, वर बारीक: माकिवाराचंच तत्त्व, आकार वेगळा. वर उलटा लटकलेला माणूस हेलकावे घेतो तेव्हा सगळा ताण बुडाशी येतो, म्हणून लाकूडही तिथेच जास्त.

खांबाला एरंडेल चोळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. चढायच्या वस्तूला तेल? पण तेलाने कातडी सोलवटत नाही, आणि पकड चुकीची असेल तर माणूस सरळ खाली येतो. अढी हा मल्लखांबाचा पाया. उलटं होऊन मांड्या आणि पायांनी खांब आवळायचा. तो कुठे आवळायचा, मांडीचा कोणता भाग लाकडाला लागायचा, कंबर खांबाच्या किती जवळ ठेवायची, हे सगळं शरीराच्या गुरुत्वमध्याचं गणित आहे. कंबर लांब गेली की वजन खांबापासून दूर जातं, फिरवणारा जोर वाढतो, अढी सुटते. वस्ताद सूत्र सांगत नाही. तो कमरेला हात देतो आणि म्हणतो, “आत घे.” दहा वेळा हात दिल्यावर अकराव्या वेळी मुलगा स्वतःहून आत घेतो.

मग दसरंग, फरारे, वेल, सुईदोरा, बोंडावरचा मयूर. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर उभी. वेताच्या, म्हणजे आताच्या दोरीच्या मल्लखांबात अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर धरायची पकड आली नाही तर पुढचं काही येत नाही.

दोन्ही खांबांचं काम एकच: शिकणाऱ्याला ताबडतोब आणि खरं उत्तर देणं. हवा असं उत्तर देत नाही. अथालच्या गच्चीवर हवेत मारलेल्या शंभर ठोशांपैकी किती बरोबर होते, हे हवेला विचारून कळणार नाही.

रांगेचा जन्म

मग रांगा कुठून आल्या?

ओकिनावात आंको इतोसू या गुरूंनी १९०१ च्या सुमारास कराटे शाळेत आणलं. मुलं पन्नास, शिक्षक एक. जुने काते लांब आणि अवघड, म्हणून त्यांनी पिनान नावाचे पाच सोपे काते बांधले. आकड्यांवर, हुकुमांवर, एकसाथ शिकवणं सुरू झालं. ऑक्टोबर १९०८ मध्ये त्यांनी सरकारसाठी दहा कलमांचं एक पत्र लिहिलं. ही विद्या शाळांत आणली तर देशाला आणि सैन्याला उपयोग होईल, हा त्याचा रोख.

पण त्याच पत्रात इतोसू जुनी गोष्ट सोडत नाहीत. माकिवारावर रोज दर हाताने शे-दोनशे ठोसे मारा, खांदे खाली ठेवा, पाठ ताठ, पायांत जोर, असं ते बजावतात. आणि एक फार मोलाचं कलम आहे: आपण करतो ती हालचाल शरीर घडवण्यासाठी आहे की प्रत्यक्ष वापरासाठी, हे आधी ठरवा. म्हणजे रांग उभी करणाऱ्याच माणसाला रांगेत काय निसटेल याची जाणीव होती.

पुढचं वेगाने झालं. १९२२ मध्ये फुनाकोशींनी टोकियोत प्रात्यक्षिक दिलं. १९२४ मध्ये ज्यूडोच्या धर्तीवर त्यांनी पहिले काळे पट्टे दिले. विद्यापीठांत मंडळं निघाली. ऑक्टोबर १९३६ मध्ये नाहा इथे जमलेल्या गुरूंनी ‘चिनी हात’ या जुन्या लेखनाऐवजी ‘रिकामा हात’ हे लेखन पसंत केलं. उच्चार दोन्हींचा कराटेच.

बडोदा : हुकूम आणि कोश

त्याच काळात इकडे काय चाललं होतं? बडोद्यात जुम्मादादा या मुसलमान वस्तादांचा आखाडा होता. त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव. गुरूच्या नावाने जुम्मादादा व्यायाम मंदिर चालवणारा हा माणूस आखाड्यातलाही होता आणि निष्णात हाडवैद्यही. हे मला महत्त्वाचं वाटतं. सांधा कुठे फिरतो आणि कुठे अडतो हे ज्याच्या बोटांना कळतं, त्याची दुरुस्ती वेगळीच असणार.

पण माणिकरावांचं नाव झालं ते संघ व्यायामासाठी. त्यांनी लाठी, लेझीम, जोडी यांसारखे प्रकार तुकड्या पाडून, हुकुमावर, शेकडो मुलांकडून एकाच वेळी करून घेण्याची पद्धत बसवली. हुकूम इंग्रजी नव्हते, आपल्या भाषेतले होते. इंग्रजी अमलात कवायत म्हणजे साहेबाचा हुकूम. तो हुकूम देशी भाषेत आणणं ही त्या वेळी छोटी गोष्ट नव्हती. इतोसूंच्या पन्नास मुलांचा प्रश्न आणि माणिकरावांच्या शेकडो मुलांचा प्रश्न एकच आहे. एकाने दुसऱ्याचं पाहिल्याची इथे गरजही नाही. शाळा, सैन्य आणि राष्ट्र या तीन गोष्टी आल्या की अंगाच्या विद्येला रांगेत उभं राहावंच लागतं.

बडोद्याने आणखी एक केलं जे ओकिनावाने त्या प्रमाणात केलं नाही. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. १९३६ ते १९४९ या काळात दहा खंड, मराठीत. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बनेटी, फरीगदगा, बिनोट: जे जे आखाड्यांत होतं ते आकृत्या आणि छायाचित्रांसह मांडायचा प्रयत्न. मधे दुसरं महायुद्ध आलं, कागदाची टंचाई आली, स्वातंत्र्य आलं, तरी काम थांबलं नाही. १९५० मध्ये इंग्रजीत एका खंडात सार निघालं. अंगमेहनतीच्या विद्येसाठी एवढा खटाटोप करणाऱ्या भाषा थोड्याच असतील. मराठी माणसाने याचा अभिमान जरूर बाळगावा.

आणि तरीही. कोशातली आकृती म्हणजे यंत्राचं रेखाचित्र. रेखाचित्र मापं देतं, आकार देतं. पण बेअरिंग किती घट्ट बसवायचं, कुठला आवाज आला की थांबायचं, हे फिटर फिटरला यंत्राशी उभा राहून सांगतो. आकृतीत पाय कुठे ते दिसतं. वजन कोणत्या पायावर ते दिसत नाही. क्रमांक एकची स्थिती आणि क्रमांक दोनची स्थिती दिसते. खरी विद्या एक आणि दोनच्या मधे असते.

माती आणि मॅट

पाया बदलला की तंत्र बदलतं, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला. सगळी घडण लाल मातीतली, आणि तिथे खाली मॅट. तरी सहावा आला. चार वर्षांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याने कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मातीत पाय रुततो, हालचाल सावकाश होते, पकडीला आणि दमाला महत्त्व येतं. मॅटवर पाय रुतत नाही, चपळाई वाढते, क्षणात डाव पडतो. तोच डाव, तेच नाव, पण जमिनीचं उत्तर बदललं म्हणून शरीराला नवा हिशेब करावा लागला. खाशाबांनी तो केला. त्यांच्याजवळ डावांची यादी होती म्हणून नव्हे, जमिनीचं उत्तर ऐकायची सवय तालमीने लावली होती म्हणून, असं मी मानतो.

आता मल्लखांबाची जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईत झाली. कराटे टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली खेळलं गेलं. दोन्हीकडे पंच आले, गुण आले. पंचाला दिसतं त्याला गुण मिळतात. म्हणून दिसण्याकडे ओढ वाढते. मल्लखांबाचं नशीब असं की खांब अजून मैदानात आहे, आणि तो पंचांच्या आधी निकाल देतो. कात्याच्या स्पर्धेत माकिवारा नसतो.

आपल्या भागापुरतं

दादरा नगर हवेलीत आखाड्यांची परंपरा शोधत बसण्यापेक्षा जे डोळ्यांसमोर आहे ते पाहावं. आपल्याकडे वारली, कोकणा मंडळींचा तारपा नाच आहे. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा तारपा वाजवणारा मधे, आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळीत. सूर बदलला की पाऊल बदलतं. इथे कुणी आकडे मोजत नाही. नवखं पोर साखळीत दोन जाणत्यांच्या मधे जातं. त्याचं पाऊल चुकलं की दोन्ही बाजूंच्या कमरा त्याला ओढून जागेवर आणतात. सांचिन करणाऱ्या शिष्याच्या मांडीवर गुरूचा हात, अढीत लटकलेल्या मुलाच्या कमरेला वस्तादाचा हात, आणि तारप्याच्या साखळीतला शेजाऱ्याचा हात: तिन्ही जागी शिकवण्याचं साधन एकच आहे.

आपलं मंडळ गेली काही वर्षं चित्रीकरणं करतंय. नाच, खेळ, हत्यारं, कारागिरी. चांगलं आहे. पण आपण बहुतेक वेळा जाणत्या माणसाला सांगतो, “काका, एकदा करून दाखवा.” काका सफाईने करतात, आपण टिपतो. हा मुजुमदारांच्या कोशातल्या छायाचित्राचाच हलता प्रकार झाला. माझी सूचना अशी की काकांच्या समोर एक नवशिका उभा करा आणि काका त्याला कसं सुधारतात ते टिपा. कुठे हात लावतात, कोणता शब्द वापरतात, कोणत्या चुकीकडे दुर्लक्ष करतात आणि कोणत्या चुकीला लगेच थांबवतात. “आत घे”, “बसव”, “सोड आता”, “टाच” असे एकेका शब्दाचे हुकूम असतात, ते जसेच्या तसे लिहून ठेवा, मग ते वारलीत असोत, गुजरातीत असोत की मराठीत. दहा मिनिटं सफाईदार प्रात्यक्षिक आणि दहा मिनिटं दुरुस्ती यांतलं एकच टिपायचं असेल तर दुरुस्ती टिपा.

आणि गच्चीवरच्या कराटे वर्गाच्या शिक्षकांना विनंती: एक जाडसर फळी, थोडी सुतळी आणि जमिनीत दोन हात खड्डा. खर्च फार नाही. लहान मुलांच्या हाडांना जपून, मोठ्यांना हलक्या हाताने सुरुवात करून द्यावी. रांग आणि आकडे राहू देत, पन्नास मुलांना दुसरा मार्ग नाही. पण आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला फळीसमोर उभं करा, आणि तिचं उत्तर त्याला स्वतःला ऐकू द्या.